आपली वेल बदलली आहे

आठवीत शाळा सोडून बीडकडून पुण्यात आले. वारज्यात एका घरी स्वयंपाक करते. तिथल्या काकूंनी ओळख काढून आईच्या मोतीबिंदूसाठी सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात मंगळवारची वेळ मिळवून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दवाखान्याच्या फोनमधल्या बाईबद्दल माझ्या तोंडून एकही बरा शब्द निघायचा नाही.

आईला तोवर ताट कुठं संपतं अन् भात कुठं सुरू होतो तेही दिसेना झालं होतं. मंगळवारी तिला घेऊन काउंटरवर गेले, तर तिथले गृहस्थ म्हणाले, "आपली वेळ काल होती."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"आईंच्या नंबरवर फोन गेलाय, उचललाही आहे. उचलल्यावर ऐकायची पद्धत नाही का आपल्याकडे?"

मी आईकडे पाहिलं. "एका बाईचा आला व्हता की," ती म्हणाली. "वेल बदलली म्हनली. म्या म्हनलं, आमच्या दारात येलच न्हाई, बाई. अन् ठिवला."

आमची चूक आमच्या पदरात घालायला गृहस्थांनी तोच निरोप कॉम्प्युटरवर लावला. "नमस्कार. आपली वेल बदलली आहे. सोमवारी सकाली या."

"हीच ती," आई म्हणाली.

बाकावरची माणसं हसली. गृहस्थ हसले नाहीत. "आम्ही 'वेळ'च टाईप करतो. पुढे मशीनच ते फोनवर वाचून दाखवतं. त्यातला आवाज हिंदी आहे, त्याला ळ येत नाही."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. मी 'पानी' म्हटलं की ह्या शहरानं मला दहादा 'पाणी' म्हणायला लावलं. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याला 'डोला' म्हणणारी ठेवलीय, तिला टोकणारा कुणी नाही.

"तिला परत विचारता येतं का, काय म्हणालात म्हणून?"

"तशी सोय नाही."

मला भीती वाटत होती, जास्त बोलले तर हाकलतील. पण म्हणाले, "बसा. शेवटी घेतील."

घेतलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, ऑपरेशन करू म्हणाले. बाहेर आल्यावर गृहस्थ म्हणाले, "तारीख फोनवर कळेल."

मी आईला बाकावर बसवलं अन् काउंटर धरून उभी राहिले. "फोनवर नको. तुम्ही आहात ना समोर, तोंडानं सांगा."

"आम्हाला इतर कामं आहेत."

"करा की. मी थांबते."

शेवटी ते उठले, आत जाऊन विचारून आले. "शुक्रवार. सकाळी आठ."

"आता आईला सांगा," मी म्हटलं. त्यांनी बाकापाशी जाऊन सांगितलं.