नियाझमतची तांब्याची वाटी

नियाझमत-अकावर, आपल्याकडच्या भाषेत नियाझमतदादावर, माझा कधीच विश्वास नव्हता. झरफशान नदीकाठच्या आमच्या गावाचा तो मिराब, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणारा. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तो बादलीतल्या पाण्यावर सोडायचा. वाटी भरून बुडाली की एकाची पाळी संपली. स्वतःची पाळी तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. तरी त्याचे जर्दाळू हिरवेगार आणि माझे करपलेले. कसे?

"त्या भोकात काहीतरी काळंबेरं आहे," मी बायकोला म्हणालो.

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," ओयदिन पीठ मळत म्हणाली. "तुम्ही मिराब असता तर काय केलं असतं, ते दिसतंय तुम्हाला."

तिचं ऐकायला हवं होतं. मी चहाखान्यात बसून एकेकाच्या कानाला लागलो. पहिल्यांदा पटलं ते शेजारच्या म्हाताऱ्या शोदमोनला. महिनाभरात गावाने वाटी काढून घेतली आणि ठेवायला माझ्याकडे दिली. मग जो तो घरची वाटी आणू लागला. मी घरून आणलेल्या वाटीचं भोक सुईच्या टोकाएवढं. इतरही काही साधे नव्हते. वाट्या बुडेचनात.

वसंतात सगळ्यांनी मिळून कालवा उपसायचा, ही आमची वाडवडिलांपासूनची रीत. त्या वर्षी फावडं घेऊन एकटा नियाझमत आला. बाकीचे आपापल्या पाटावर पहारा देत बसले होते. मीही. उन्हाळ्यात कालवा गाळाने बुजला, जर्दाळू झाडावरच सुकले आणि माल न्यायला येणारे ट्रक न थांबता पलीकडच्या गावाला जाऊ लागले.

एका दुपारी मी ती तांब्याची वाटी घड्याळ लावून तपासली. तीनदा. दर वेळी बरोबर वीस मिनिटं. मग त्याची झाडं हिरवी कशी? कुंपणावरून डोकावलो. नवराबायको कपडे धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी बादल्यांनी झाडांना घालत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन वाटी त्याच्यापुढे ठेवली. "अका, चूक झाली माझी. भोक बरोबर आहे. पुन्हा पाळ्या लावा."

"मला माहीत आहे ते," तो म्हणाला. "गावाला सांग."

चहाखान्यात सगळं सांगितलं. घड्याळसुद्धा दाखवलं.  मग शोदमोन पेल्यात चहा ओतत म्हणाला, "वाटी वर्षभर तुझ्याच घरात होती ना रे?"