आंब्याखालची काळी गाडी

"ताई, तुमच्याकडे गाडीच नाही. तुम्हाला काय कळणार आमचं दुःख?"

आमच्या सोसायटीच्या चेअरमननी बैठकीत सगळ्यांच्या देखत, हसत हसत, हे माझ्या तोंडावर फेकलं आणि माझं पित्त खवळलं. गाडी नाही, खरंय. पण सातपूरच्या एका कारखान्यात पेंट शॉपला बावीस वर्षं काढलीत मी. गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, डिक्क्या रोज माझ्या हाताखालून जायच्या. रंगात कुठे धुळीचा कण बसलाय, कुठे बारीक रेघ आलीय, हे ट्यूबलाइटखाली वाकून शोधायचं आणि असं घासून काढायचं की तिथे कधी काही होतं हे कुणाला कळू नये. हेच माझं काम. आणि म्हणे मला काय कळणार!

भांडण आंब्यावरून होतं. नाशिक रोडला आमची बारा घरांची सोसायटी. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला एक जुना आंबा आहे, इमारतीच्याही आधीचा. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत गाडी लावायला लोक एकमेकांशी भांडतात आणि पाडवा उलटला की त्याच झाडाच्या नावाने बोटं मोडतात. बारक्या कैऱ्या गळतात, देठाचा चीक गाडीवर टपकतो, वाळला की काळा कडक ठिपका होतो. चेअरमनसाहेबांनी त्या वर्षी पाडव्याच्या मुहूर्तावर नवी कोरी काळी गाडी आणली. पंधरा दिवसांत तिच्यावर ठिपके पडले, वर बॉनेटवर ओरखडेही दिसायला लागले. "वाळक्या फांद्या पडून झालंय हे," असं त्यांनी ठरवूनच टाकलं. नोटीस बोर्डावर कागद लागला. झाड तोडायला महापालिकेकडे अर्ज करायचा, बाराही घरांच्या सह्या हव्यात. अकरा झाल्या होत्या. राहिली होती फक्त माझी.

मला ते झाड हवं होतं. का, तेही सांगते, लाजायचं काय त्यात? पेंट शॉपला भट्टी असते. रंग मारलेला पत्रा तिच्यात भाजून निघतो आणि बाहेर उभी असलेली बाई पण. शिफ्ट संपवून बसने यायचे तेव्हा अंगाची लाही झालेली असायची. घरात सासूबाईंचं दुखणं, पोरांचे अभ्यास, स्वयंपाक, सगळं वाट बघत असायचं. पण आधी मी त्या आंब्याखालच्या दगडावर बसायचे. अर्धा तास. कुणी काही मागायचं नाही, कुणी हाक मारायचं नाही. बावीस वर्षांत माझ्या हक्काचा म्हणून तेवढाच अर्धा तास होता.

म्हणून त्या बैठकीत माझी जीभ सुटली. म्हणाले, "गाडी द्या माझ्या ताब्यात. एक ठिपका, एक ओरखडा ठेवणार नाही. ठेवला तर निमूट सही करते. आणि सगळं निघालं, तर अर्ज फाडायचा. आहे कबूल?"

"कबूल!" चेअरमन म्हणाले. बाकीचे हसले. घरी येऊन मी कपाळावर हात मारला. सही नाही करत म्हटलं असतं तर काम भागलं होतं. पण स्वभाव!

शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आंब्याखालीच गाडी लावून घेतली. आधी भरपूर पाण्याने धुतली, कारण धुळीवर फडका फिरवला की रंगाचं वाटोळं होतं. मग घरातून खोबरेल तेलाची बाटली आणली. वरच्या गॅलरीत खसखस पिकली. चेअरमन धावत खाली आले.

"अहो ताई, हे काय? गाडीला तेल?"

"लोणच्याच्या कैऱ्या फोडताना वहिनी हाताला काय लावतात?"

"तेल."

"का लावतात?"

आंब्याचा चीक ओठाला लागला तर फोड येतो, रंगाला काय सोडणार? तो वाईटच, मी कुठे नाही म्हणते? पण तो तेलाने सुटतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाडी म्हटली की हे लोक अक्कल घरी ठेवतात. प्रत्येक ठिपक्यावर तेल लावलं, दहा मिनिटं थांबले, मऊ कापडाने अलगद पुसलं. नखाने खरवडायचं नाही, ब्लेड तर बघायचंसुद्धा नाही. चिवट होते ते स्पिरिटच्या बोळ्याने काढले. मग शॅम्पूने सगळा तेलकटपणा धुतला. चीक गेला.

आता ओरखडे. नख आडवं फिरवून बघायचं. नख घसरलं तर रेघ वरच्या पारदर्शक थरात आहे, पॉलिशने जाते. नख अडकलं तर खोल आहे, तिथे हाताची जादू चालत नाही. मी वाकले आणि बघतच राहिले. सगळ्या रेघा बॉनेटच्या पुढच्या कडेला होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या, एकावर एक. फांदी पडली तर एकदा ओरबाडेल. ती अशी डावी-उजवी झाडू मारत बसेल का?

बॉनेटखालच्या पुढच्या जाळीत हात घातला. बोटाला टोचलं. बारीक बाइंडिंगची तार निघाली. तिला झेंडूचा वाळका देठ आणि आंब्याचं एक करपलेलं पान.

सगळं डोळ्यांपुढे आलं. पाडव्याला पूजा झाली, हार घातला आणि गाडी तशीच चांदवडला देवीच्या दर्शनाला गेली. हायवेवर वारा लागून ती तार जाता-येता बॉनेट खरडत होती. आणि नाव आंब्याचं!

तार मी पदराला बांधली आणि कामाला लागले. पॉलिशचं कंपाउंड लावून घासत गेले, हलक्या हाताने, सरळ रेषेत. खांदे भरून आले. एकेक रेघ विरत गेली, फक्त एक राहिली. वीतभर. नख अडकत होतं.

खरं सांगते, तेव्हा मोह झाला. त्या रेघेत काळं वॅक्स भरलं असतं तर पंधरा दिवस कुणाला दिसली नसती, आणि अर्ज तर दुसऱ्याच दिवशी फाटला असता. पण असली लबाडी पकडायचाच पगार घेतला होता मी. झाडासाठीसुद्धा जमेना. खूप रडू आलं, चिडून.

रविवारी सगळे आंब्याखाली जमले. गाडी आरशासारखी चमकत होती. लोक वाहवा करायला लागले तशी मी म्हणाले, "थांबा. एक रेघ राहिलीय. ही बघा. मी हरले. आणा तो अर्ज."

चेअरमननी पेन पुढे केलं. मी अर्ज मोठ्याने वाचला, "कारण: झाडामुळे गाड्यांचे नुकसान." पेन घेतलं आणि पदराची गाठ सोडून ती तार बॉनेटवर ठेवली, करपलेल्या पानासकट.

"शब्द दिलाय, सही करते. पण कारण खरं लिहा. हाराच्या तारेने गाडी ओरबाडली, म्हणून झाड तोडा. आणि खाली हेही लिहा, की हारातलं पान याच झाडाचं होतं. बाराही घरांचं तोरण याच झाडाचं होतं. लिहा, मी पहिली सही करते!"

चेअरमनच्या बायको, आमच्या वहिनी, पुढे आल्या. तार उचलून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"दोरा तुटतो म्हणून मीच तारेने बांधला होता. हे काढायला निघाले, तर मीच म्हटलं, पूजेचा हार आहे, आपणहून गळू दे."

चेअरमन लालेलाल झाले. वाटलं आता भडकतात. त्यांनी माझ्या हातून अर्ज घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात कोंबला. बोर्डावरची नोटीस संध्याकाळी दिसली नाही.

यंदा पाडव्याला वहिनी पानं तोडायला आल्या तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "तार नको हं!" त्यांनी दोऱ्याचं रीळ हात उंच करून दाखवलं.

गाडी अजून सावलीतच लावतात. ती रेघही तशीच आहे. साहेबांनी एकदा विचारलं, ताई, तेवढी घालवता येईल का? मी नाही म्हटलं, साफ. चीक मात्र ते आता स्वतःच काढतात. रविवारी सकाळी माझ्या दगडावर खोबरेलाची बाटली ठेवून गाडीला तेल लावत बसतात, आणि मी गेले की बाटली उचलून मला जागा देतात.