बल्ब काढल्यावरची सावली

आधीच सांगतो... मी टेस्टरवर विश्वास ठेवणारा माणूस. बोईसरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला वायरमन आहे. भूतखेत म्हटलं की माझं डोकंच फिरतं. "दिवा आपोआप लागला" असं कोणी सांगायला आलं, तर "बाबा रे, आधी लूज कनेक्शन बघ!" म्हणून वाटेला लावायचो. तरीही हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई गावी, मासवणला असायची. आजार वाढला, डॉक्टरांनी "घरी न्या, सेवा करा" एवढंच सांगितलं, तेव्हा तिला बोईसरला आमच्या भाड्याच्या खोलीवर आणली. मालक एक नंबरचा कंजूष — पंखा नि दिवा एकाच बटणावर! त्यात बल्ब छताला, पंख्याच्या अगदी बाजूला. बटण दाबलं की पात्यांची सावली आईच्या पांघरुणावर गरगर फिरायची. बंद करावं तर ती घामाघूम.

"आरं पोरा, तो दिवा बंद कर रं... डोल्यांना सोसत नाय," ती सारखी म्हणायची. काळीज तुटायचं. शेवटचे दिवस आहेत हे कळत होतं. निदान तिचा सुखाने डोळा लागावा, एवढंच हवं होतं.

रविवारी दुपारी कामाला लागलो. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला — आमची सवयच ती, म्हणजे आपण स्टुलावर असताना कोणी शहाणा लाइन चालू करत नाही. पंखा जुन्या बटणावर ठेवला, दिव्याला नवीन वायर ओढून दुसरं बटण दिलं. फ्यूज लावून दोन्ही बटणं वेगवेगळी चालवून पाहिली. एकदम ओके. मग दिवा बंद, पंखा चालू.

"घे आई, झोप आता निवांत."

आईने पदर डोळ्यांवर ओढला. "मस्करी करतो काय रं? दिवा चालूच हाय."

तापात बडबडतेय असं वाटलं. तिच्या समाधानासाठी बल्बच काढून उशाशी ठेवला. "हा बघ!"

तेवढ्यात माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो... पांघरुणाकडे बघा."

पात्यांची सावली फिरत होती. दार लोटलेलं, खोलीत जेमतेम उजेड, वर होल्डर रिकामा... आणि सावली मात्र ठळक. मी मध्ये हात धरला. हाताचीही सावली पडली!

टेस्टर होल्डरला लावला — करंट नाही. धावत जाऊन फ्यूज उपटला. पंखा हळूहळू थांबला.

सावली फिरतच राहिली.

सुनंदा रडायलाच लागली. मी आईचा हात घट्ट धरून बसलो, दुसरं काही सुचेना. मग सावली मंदावली, फिकी झाली आणि गेली. आईने डोळ्यांवरचा पदर काढला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला.

"केलास बंद? गुनाचं पोर माजं," म्हणाली आणि डोळे मिटले. ते मग उघडलेच नाहीत.

कंपनीतले म्हणतात, दाराच्या फटीतून ऊन आलं असेल. असेल बाबा. पण थांबलेल्या पंख्याची फिरती सावली कुठून आली?

आणि आई मला शाबासकी देऊन गेली हो... मी तर काहीच केलं नव्हतं.