मुलानं पाठवलेली गोळी

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. चिरनेरला आई आजही शेजारणींना सांगते, "आमची पोर दाक्तरांच्या चुका काढते." चुका काढत नाही मी. पनवेलच्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं अँटिबायोटिक पेशंटच्या आधीच्या औषधांशी भांडणार नाही ना, ते वॉर्डात फिरून बघते. पण आईला दुरुस्त करायचा धीर अजून झालेला नाही. खरं सांगू, ऐकायला बरंही वाटतं.

त्या दिवशी लघवीच्या इन्फेक्शननं ताप आलेल्या एक खाला दाखल होत्या. फाईलवर तीन जणांनी विचारून लिहिलेलं: चालू औषधे, नाही. डॉक्टरांनी कल्चरचा, म्हणजे जंतूंवर कोणतं औषध चालेल त्याचा, रिपोर्ट बघून सल्फा या अँटिबायोटिकची गोळी लिहिली होती. पहिला डोस दुपारी दोनला. मीही विचारलं, तर मलाही "नाही"च.

पण इकडची इतकी घरं आखातातल्या पगारावर चालतात, की मला एक सवय लागलीय. म्हटलं, "खाला, मुलगा काय काय पाठवतो?"

चेहरा खुलला. "बदाम, दूध पावडर, अत्तर... नि ही दिलाची गोळी." उशीखालून डबी निघाली. बघते तर रक्त पातळ करायची गोळी!

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"अगो, तू दवा विचारलीस. ही तर माझ्या लेकानं पाठवलेली!"

मुलाकडे राहायला गेल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरनं, ठोके अनियमित म्हणून सुरू केलेली. इथेही रोज संध्याकाळी ओढणीआड घेत होत्या. वर सल्फा पडली असती तर रक्त भलतंच पातळ होऊन आत कुठेही रक्तस्राव सुरू झाला असता. दोनला वीस मिनिटं होती. सिस्टरना डोस थांबवायला सांगून मी डॉक्टरांना फोन लावला.

"परत तू? आता काय केलं मी?"

"केलं नाही सर, करणार होतात."

हसले, पण लगेच आले. त्यांना बघून खालांनी डबी मुठीत आवळली. "ही बंद करायची नाही. लेकानं कसम घातलीय."

"तुमची राहू दे, खाला. मी माझीच बदलतो."

त्यांनी रिपोर्टात चालणारं, या गोळीशी कमी वैर असलेलं दुसरं औषध लिहिलं आणि रक्त किती पातळ आहे ते तपासायला पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: हद्दीत आहे, रोज बघत राहा.

तोवर खालांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावलेला. "बेटा, तुझी गोळी राहिली, दाक्तराची गेली!" आणि फोन माझ्या हातात दिला. मी त्याला म्हटलं, "भाई, अजून काय पाठवता ते सगळं सांगा."

"खास काही नाही. गुडघ्यांसाठी दुखण्याची एक गोळी, बस."

रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत तीही धोक्याचीच. मी खालांकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"खाला, काढा ती पण."

उशीखालून दुसरी डबी निघाली.