व्याह्यांना कुठे उतरवायचं

चावीकाकांचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून चालणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता. नगरपालिकेचं पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे. डोंगराच्या माथ्यावर टाकी, पायथ्याशी समुद्र आणि मध्ये उतारावर कसंबसं पाय रोवून बसलेलं गाव. खालचा व्हॉल्व्ह उघडा राहिला की सगळं पाणी धावत खाली जाणार आणि वरच्यांच्या नळाला नुसती हवा येणार. म्हणून सकाळी खालच्यांना पाणी, संध्याकाळी वरच्यांना. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, आणि एक व्हॉल्व्ह आवळून दुसरा सैल करायचा. काम एवढंच, पण त्यापायी सगळं गाव काकांशी गोड बोलायचं.

गोड बोलून उपयोग शून्य. काका कुणाच्या चहालाही शिवत नसत. आज चहा पाजणारा उद्या पाच मिनिटं जास्तीचं पाणी मागतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. बरं, हा नियम परक्यांपुरता असता तर एक वेळ चाललं असतं. पण काकांचं घर खालच्या लाइनीच्या अगदी टोकाला. तिथे पोचेपर्यंत पाण्याची करंगळीएवढी धार उरायची. काकू त्या धारेखाली बादली लावून, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि रोज जे काही बोलायच्या ते शेजारच्या पोराबाळांनाही पाठ झालं होतं.

"लोकांचे नवरे बायकोसाठी काय काय करतात. माझ्या नवऱ्याच्या हातात गावाचं पाणी, आणि मी आपली भांडी भिजत घालून बसलेय."

काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "वेळ म्हणजे वेळ."

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न जुळायच्या बेतात होतं. ती शहरात नर्स. तिथल्याच दवाखान्यात औषधं देणारा एक मुलगा तिला आवडला, त्याला ती आवडली, मुलाच्या आईनेही आनंदाने हो म्हटलं. सगळं अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी. त्यांचं चपलाबुटांचं दुकान होतं. जन्मभर "जरा फिरून येतो, मग बघू" म्हणणारी गिऱ्हाइकं सोसून सोसून त्यांनाही तीच खोड लागली होती. जेवायला वाढू का विचारलं तरी "बघू" म्हणायचे. मुलाने लग्नाचं काढलं तेव्हाही तेच म्हणाले, आणि त्या "बघू"ला आता सहा महिने होऊन गेले होते. शेवटी ते म्हणाले, मुलीचं घरदार, माणसं एकदा डोळ्यांनी पाहतो, मग काय ते सांगतो. नवराबायको दोन दिवसांसाठी येणार असं ठरलं. लेकीने फोनवर आईला एवढंच सांगितलं, "आई, ते नाही म्हणाले तर मी भांडून लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. तेव्हा जरा सांभाळून घ्या."

हे ऐकून काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

घर दोन खोल्यांचं. पाहुण्यांना तिथे झोपवायचं तर यजमानांनी ओट्यावर झोपायला हवं. म्हणजे हॉटेल आलं. गावात धड म्हणावीत अशी हॉटेलं दोन. एक वर, टेकडीवर. तिथे टोपीवाला दरवान, जिन्यावर गालिचा आणि खिडकी उघडली की समोर समुद्र. दुसरं खाली, धक्क्यावर. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या, बोटींच्या डिझेलचा वास, आणि वारा फिरला की मासळीचा.

"खाली उतरवू," काका म्हणाले. "खालच्याची टाकी मोठी आहे."

"पाहुणे टाकीत राहणार आहेत का?"

"वरच्याने गच्चीवर खुर्च्या मांडायला जागा हवी म्हणून मोठी टाकी काढली आणि छोटी बसवली. सकाळपर्यंत पुरत नाही ती."

"त्या खुर्च्यांवर बसूनच ते हो म्हणतील," काकू म्हणाल्या. "तुमच्या टाकीकडे बघून आजवर कुणी कुणाला मुलगा दिलाय का?"

शेवटी दोन्ही बघून घेऊ असं ठरलं. आधी खाली गेले. चावी नसलेले काका आणि सोबत इस्त्रीच्या साडीतल्या काकू बघून खालच्या मालकाचा चेहरा पार उतरला. त्याने डोळ्यांनी खूण केली तसा एक नोकर गोणपाट घेऊन मागच्या अंगाला पळाला.

"मोटार बिटार काही नाहीये हो काका," मालक आपणहून म्हणाला.

"आम्ही खोली बघायला आलोय."

"खोलीतही नाहीये."

काकांनी मान हलवली. चोरून पाणी ओढणारी मोटार नळाला कुठे जोडलीय ते त्यांना माहीत होतं, आणि ती काढायला लावायची कुठल्या दिवशी तेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. खोली स्वच्छ होती. नळ सोडला तर पाणी असं बदाबदा आलं की काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. काकू मात्र नाकाला पदर लावून खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकीतून दिसत होती बर्फाच्या पेट्यांची चळत आणि एक म्हातारी मांजर.

वरच्या हॉटेलात मॅनेजर स्वतः पुढे आला. खोलीत शिरल्या शिरल्या काकू पलंगाच्या कडेवर बसल्या, गादीवरून हात फिरवला, पडदा सारला, आणि बराच वेळ समोर बघत राहिल्या. काका न्हाणीघरात जाऊन नळ सोडून कान लावून उभे.

"याचा घसा बसलाय," ते बाहेर येऊन म्हणाले.

मॅनेजर हसून म्हणाला, "तुमच्याच हातात आहे की काका. चावीला दोन वेढे जास्त दिलेत तर पाहुण्यांकडून एक पैसा घेणार नाही."

"पैसे पूर्ण घ्या," काका म्हणाले.

परत येताना काकू गप्प होत्या. हे अवघडच लक्षण. अर्ध्या उतारावर त्या थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आपलं घर बघून ते बघूच म्हणणार आहेत. दोन खोल्या, ओला ओटा, कोपऱ्यात तुमची चावी. निदान उतरले कुठे ते तरी चांगलं असू दे. पोरीसाठी एवढं करा."

काकांचं काळीज हललं. त्या नळाचा आवाज कानात असूनही ते हो म्हणाले.

पाहुणे आले. लेकही रजा काढून आली होती. मुलाची आई हसरी, गप्पिष्ट. वडील म्हणजे भलं मोठं धूड, बोलणं मोजकं, आणि नजर सारखी लोकांच्या पायांकडे. काकांच्या एका बाजूने झिजलेल्या बुटांकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की काका पाय मागे घेऊन बसले. संध्याकाळी सगळे गच्चीवरच्या खुर्च्यांवर बसले. सूर्य मावळताना समुद्रावर जो काही रंग पसरला तो पाहून परका माणूससुद्धा मुलगा देऊन टाकेल.

"कसं काय वाटलं आमचं गाव?" काकूंनी हळूच विचारलं.

"बघू," मुलाचे वडील म्हणाले.

त्या रात्री हॉटेल भरलेलं होतं. सहलीला आलेली एक टोळी दिवसभर समुद्रात डुंबून आली आणि अंगावरचं मीठ घालवायला एकूण एक जण धो धो आंघोळीला बसला. सकाळी मुलाच्या वडिलांनी डोक्यापासून पायापर्यंत साबण चोळला, तांब्या भरायला नळ सोडला, तर नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

काका तेव्हा खालच्या वळणावर चेंबरपाशी उभे होते. काकूंनी बळेच घालायला लावलेला इस्त्रीचा शर्ट अंगात, चावी हातात. खालच्यांची वेळ नुकतीच सुरू झालेली. गल्लीतल्या बायका बादल्या लावून उभ्या. तेवढ्यात उतारावरून मॅनेजर, त्याच्या मागे पाहुण्यांना नाश्त्याला बोलवायला वर गेलेल्या काकू आणि काकूंच्या मागे लेक, अशी वरात धावत आली.

"काका, तुमचे पाहुणे फेसात उभे आहेत," मॅनेजरने धापा टाकत सांगितलं. "ऐकू येतंय, पण डोळे उघडता येत नाहीयेत त्यांना."

काकूंनी नवऱ्याचा दंड धरला. "वर सोडा."

"आत्ता खालच्यांची वेळ आहे."

"आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं?"

"रोज मागतेस."

"ते माझ्यासाठी. आज पोरीसाठी मागतेय. दहा मिनिटं सोडा हो. मी तुमच्या पाया पडते."

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, आणि काकांनी ते पाहिलं. त्यांना लेक दिसत होती, गेले सहा महिने वाळत चाललेली. चावी आपसूक व्हॉल्व्हवर बसली. गल्लीतल्या एका बाईने, जिची बादली अजून निम्मीच भरली होती, ती नळाखाली जरा आणखी सरकवली. काकांचा हात जो थांबला तो थांबलाच. त्यांनी चावी उपसून काढली आणि खाली बघत म्हणाले, "नाही जमत मला."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. मॅनेजर परत फिरला. लेक मात्र बापाकडे क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "घरात आपल्या दोन बादल्या भरलेल्या आहेत ना. चला."

मग गावाने जे पाहिलं ते पुढे कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. इस्त्रीच्या शर्टात चावीकाका एक बादली घेऊन आणि लेक दुसरी घेऊन तो छातीवर येणारा चढ चढताहेत, आणि मागून काकू हातात कळशी घेऊन नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत येताहेत. वर पोचेपर्यंत निम्मं पाणी तिघांच्या पायांवर सांडलं होतं. टोपीवाल्या दरवानाने दार उघडलं, आणि गालिच्यावर ओल्या पावलांची रांग उमटत गेली.

खोलीत मुलाची आई पलंगावर बसून तोंडात रुमाल कोंबून हसू दाबत होती. काकांनी न्हाणीघराच्या दारावर टकटक केलं. दार वीतभर उघडलं, एक पांढराशुभ्र हात बाहेर आला, बादली घेऊन आत गेला. आतून पाण्याचा आवाज आला.

"तुम्हीच पाणी सोडता ना गावाला?" मुलाच्या वडिलांनी आतून विचारलं.

"हो साहेब."

"चावी तुमच्याच हातात असते?"

"हो साहेब."

"मग बादल्या कशाला?"

"आत्ता खालच्यांची वेळ आहे साहेब. तुमची संध्याकाळी."

काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. झालं, संपलं, असं त्यांना वाटलं. लेक भिंतीला टेकून उभी होती आणि बादलीच्या कडीकडे बघत होती.

"मुलगी कुणावर गेलीय?" आतून प्रश्न आला.

काका गडबडले. पण एव्हाना काकूंची सगळी आशा संपलेली, आणि आशा संपली की काकू फार स्पष्ट बोलत.

"यांच्यावर," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "माझ्यावर गेली असती ना, तर तुम्ही केव्हाच अंग पुसून नाश्त्याला बसला असता."

आतून एक विचित्र आवाज आला. मुलाच्या आईने रुमाल बाजूला केला आणि कान टवकारले. नवरा हसतोय हे तिला ओळखता आलं, पण जरा वेळ लागला, कारण सवय नव्हती.

"खालच्या हॉटेलात आत्ता पाणी आहे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"भरपूर आहे साहेब. पण मासळीचा वास येतो."

"येऊ दे. लग्नाला आमची बरीच माणसं येतील. सगळी आंघोळीला वेळ लावणारी. त्यांना इथे उतरवू नका, खालीच उतरवा."

मग मुलाची आई उठली, काकूंपाशी गेली आणि त्यांचा ओला हात तिने दोन्ही हातांत घेतला. "हो म्हणाले ते," ती म्हणाली. "त्यांना याहून स्पष्ट बोलता येत नाही."

काकू तिथेच मटकन खाली बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. लेकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. काका दाराशी तसेच उभे राहिले. त्यांनी दुसरी बादली उचलून फटीतून आत सरकवली.

"डोळे मिटून घ्या व्याही," ते म्हणाले, "साबण झोंबेल," आणि स्वतःचे डोळे पुसायला भिंतीकडे वळले.