फुगलेल्या मातीचा आकडा

मी पिठाचा डबा भरत होते, आमचे हे आरशासमोर अर्ध्या दाढीत होते आणि भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, खिडकीशी बसून गार झालेला चहा उगाच ढवळत होते. तेवढ्यात दार वाजलं. भाऊजींच्या हातातला चमचा खाली पडला.

दारात खाणीच्या गाडीचा ड्रायव्हर. "साहेबांनी बोलावलंय. आकडा आजच पक्का करायचाय म्हणाले. थांबू का?"

"नको, मी येतो चालत," भाऊजी म्हणाले. ड्रायव्हर गेला, तरी ते दाराकडेच बघत राहिले.

खाण संपली की उकरलेली जमीन पुन्हा जमिनीसारखी करावी लागते. खड्डा किती बुजवायचा, उतार किती कमी करायचा, वर चांगली माती किती जाड पसरायची, कमी पडली तर कुठून आणायची आणि या सगळ्याला खर्च किती, हे भाऊजी काढतात. तेवढी रक्कम सरकारकडे ठेवली की खाणवाले मोकळे. कुठलीही माती भाऊजी आधी घमेल्यात भरून, ठोकून बघतात, म्हणून कचेरीत त्यांचं नाव घमेलेशास्त्री. माझ्या कुंड्यासुद्धा सुटत नाहीत. "वहिनी, ही दोन बोटं खाली बसणार," म्हणतात, आणि बसतेच.

अशा माणसाची चूक व्हावी, तीही मातीतच! खाण उघडताना काढून ठेवलेल्या चांगल्या मातीचा ढीग त्यांनी मोजला, तो यंत्रानं नुकताच इकडून तिकडे हलवला होता. उपसलेली माती फुगते. ढीग हलवलाय हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही त्या एका दिवशी घाईत विचारलं नाही. फुगलेला ढीग तसाच मोजला गेला आणि माती सगळ्या उताराला पुरेल असं ठरून खर्चाचा आकडा कमी निघाला. पुढं ढीग खचत गेला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वरचा मोठा भाग उघडाच राहणार. तिथं नुसता सुटा दगडचुरा आहे, पावसात खाली येणारा. आणि बरोबर पायथ्याशी आमच्या घरांची ओळ.

असा एक उघडा उतार खाली आलेला भाऊजींनी दुसऱ्या खाणीवर पाहिलाय. गाळ एका स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीइतका भरला होता. हे सांगताना ते आमच्या ओट्याकडे बघत होते. तेव्हापासून भांडी घासतानाही माझी नजर खिडकीबाहेर त्या उतारावर जाते. एखादा दगड गडगडला तरी हातातलं भांडं खाली ठेवून बघते.

"काल सांगितलंस ना साहेबांना?" यांनी विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, आकडा तुमचा, सही तुमची. आता बदललात तर तुम्हीच आधी खोटं लिहिलं असं वर कळवीन." भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं. "आणि म्हणाले, तुमचे दादा आपल्याच वर्कशॉपमध्ये आहेत ना?"

यांच्या गालावरचा फेस वाळत चालला होता.

"शास्त्रीबुवा, तुमचं घमेलं आपल्याच डोक्यावर आलं की हो," हे म्हणाले. कुणीच हसलं नाही, हे स्वतःही नाहीत. मग हळूच म्हणाले, "दे तोच आकडा. उतार येईल तेव्हा येईल. नोकऱ्या आजच जातील."

"अहो, पण नोकरीवरून परत यायचं कुठं?" मी बोलून गेले खरी, पण दोन्ही पगार गेले तर काय, हे मलाही ठाऊक होतं.

यांनी खिडकीतून उताराकडे पाहिलं. मग टॉवेलनं तोंड पुसलं, अर्धी दाढी तशीच ठेवून, आणि भावाला म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर. मी काही बोलणार नाही."

भाऊजींनी बूट चढवले. दारापर्यंत गेले, परत आले, पाणी प्यायले.

"वहिनी, मी खरा आकडाच सांगणार आहे," ते म्हणाले. "पण काल साहेबांकडे जाताना रस्त्यातून दोनदा मागं फिरलो होतो. आज तुम्ही खाणीच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर चला."