गजराआधीचा मृदंग

लालबागच्या एका चाळीत माझ्या आजोळच्या गावकऱ्यांची खोली होती. सकाळी कॉलेज, दुपारी एका पेढीवर कारकुनी आणि झोपायला त्या खोलीबाहेरची गॅलरी, असं माझं चाललं होतं. खोलीचा एक नियम होता. गिरणीतलं काम सुटलं की शिमग्यापर्यंत राहायची मुभा. मग आपली पथारी गावाहून येणाऱ्या पुढच्या माणसाला द्यायची. अपवाद फक्त भजनी मंडळाच्या मृदंगवाल्याचा. त्याला कुणी ऊठ म्हणत नसे.

आमचा मृदंगवाला गिरणीच्या साचेखात्यात, कापडाच्या मागावर कामाला होता. भजनात गजर सुरू होण्याआधी बुवा आणि टाळकरी थांबत आणि तो एकटा वाजवी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना गर्दी जमेपर्यंत आमचं भजन असे. तो एकटा मृदंग ऐकायला परळ-नायगावची माणसं लवकर येऊन बसत.

अशाच एका मोर्चात त्याच्यावर लाठी पडली. डोकं वाचवायला त्याने डावा हात वर धरला होता. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वळत नव्हतं, बोटं मिटत नव्हती. साच्यावरचं काम गेलं. पथारीचं काय, हे कुणी बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

शाळेत असताना तालुक्याच्या देवळात मी थोडाफार तबला शिकलो होतो. ते त्याला ठाऊक होतं. एका रविवारी त्याने मला आत बोलावलं.

"हात गेलो, बोल नाय गेले. मी सांगतंय, तू लिवन घे."

तो बोल म्हणायचा, मी लिहायचो. दुसऱ्या दिवशी तोच भाग तो वेगळा म्हणे.

"काल तुम्ही इथे तिरकिट म्हणाला होता."

"मेल्या, माका काय रेकॉर्ड समजलंस?"

मग मी दोन्ही लिहू लागलो. जे बदलत नाही तो कणा, बाकीचं त्या दिवशीचं मन, हे मला हळूहळू कळलं. डाव्या बाजूचं मात्र लिहून भागेना. तिथे ओली कणीक लावतात आणि मनगट दाबलं की तो घुमारा उठतो. त्या दाबाला अक्षर नव्हतं. तेव्हा तो माझ्या उजवीकडे खेटून बसला, मृदंग दोघांच्या पुढ्यात. उजवी बाजू त्याची, डावी माझी. आपला मोडका हात माझ्या मनगटावर टाकून तो कोपराच्या जोराने दाबी. दुखत असणार; तोंडावर दिसू देत नसे.

एका संध्याकाळी ते जमलं. पत्ते खेळणारे थांबले. त्याचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही.

"असोच बसया सभेक," तो बुवांना म्हणाला. "उजवो माझो, डावो ह्येचो. मगे माका खोलीतसून कोण उठयतलो?"

"एका मृदंगाक दोन घोव?" बुवा म्हणाले. मृदंगाला दोन नवरे, म्हणून सगळे हसले. तोही हसला.

नंतर गॅलरीत येऊन बुवांनी मला हळूच सांगितलं, "दोनय हात तूच शीक."

मी ते त्याच्या कानावर घातलं. शिकू का, म्हणून विचारलं. त्याने मळलेला तंबाखू तोंडात टाकला.

"शीक. अर्धो मृदंग मंडळाक शोभाचो नाय."

त्यानंतर तो उजवा हात शिकवू लागला. पूर्वीपेक्षा कडक. चुकलो की बोटांवर मारी. काही लपवलं नाही. उलट जे कधी कुणासमोर वाजवलं नव्हतं तेही दिलं. शिमग्याआधीच्या सभेत मी एकटा बसलो. लोकांनी माना डोलावल्या. बुवा त्याला म्हणाले, "आता तू गावाक जा. हयसर बसान काय करतलंस?" आवाज प्रेमाचा होता.

बोटीच्या धक्क्यावर त्याची ट्रंक मी नेली. "शेवटाक घाई करतंस," माझ्या वाजवण्याबद्दल एवढंच तो बोलला.

परत आलो तेव्हा माझी वळकटी गॅलरीतून आत, भिंतीलगत त्याच्या जागी ठेवलेली होती. त्या जागेवर मी अभ्यास केला, बी.ए. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ती जागा मला त्याच्यामुळे मिळाली. त्याचे उपकार मानल्याशिवाय मी मृदंगाला हात लावत नाही.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्या मिरवणुकीत मीच वाजवलं. त्याची आठवण कुणी काढली नाही. पुढे गावाहून एक तरुण गिरणीत लागायला आला. आल्या आल्या त्याने खोलीत जागा आहे का ते विचारलं. मग पाणी पिऊन झाल्यावर आमचा मृदंगवाला वारल्याचं सांगितलं.